लाओशियन व आफ्रिकी स्थलांतरित समाज, अमेरिकेतील

आग्नेय आशियातील लाओस या देशातून, तसेच आफ्रिका खंडाच्या मुख्यतः सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत येऊन स्थायिक झालेले दोन समाज. दोहोंचे आगमन बव्हंशी १९७५ नंतरचे आहे. एकाच देशात, एकाच अर्थव्यवस्थेत व जवळजवळ एकाच कालखंडात त्यांनी नवा संसार मांडला, म्हणून समाजशास्त्रज्ञांना त्यांची तुलना उद्‌बोधक वाटते. प्रौढांच्या शिक्षणाचा निकष लावला, तर लाओसहून आलेले लोक अमेरिकेतील स्थलांतरितांच्या तळाशी आणि आफ्रिकेहून आलेले शिखराजवळ दिसतात. कौटुंबिक उत्पन्न, घराची मालकी व दारिद्र्य यांच्या बाबतीत मात्र हे अंतर त्या मानाने फारच कमी भरते व काही ठिकाणी उलटते. शिक्षण आणि संपन्नता यांचा मेळ असा का बसत नाही, हा या तुलनेतील मुख्य प्रश्न होय.

या दोन्ही नावांखाली कोण मोडते, हे प्रथम पाहणे इष्ट ठरेल. ‘लाओशियन’ या शब्दाने लाओसचे सर्व रहिवासी सूचित होतात. मेकाँग नदीच्या खोऱ्यात भातशेती करणारे थेरवादी बौद्ध ‘लाओ’, उत्तरेकडील डोंगरांत फिरती शेती करणारे व पितरांची आणि भूतात्म्यांची उपासना करणारे ‘ह्मोंग’, तसेच यू म्येन, ताई दाम, खमू इ. लहान जमाती यांचा त्यांत समावेश होतो. ह्मोंगांचा उल्लेख जुन्या ग्रंथांत ‘मेओ’ असा येतो. तो त्यांना अपमानास्पद वाटतो. अमेरिकेच्या जनगणनेच्या अहवालांत ह्मोंगांची आकडेवारी लाओशियनांहून वेगळी दिली जाते. २००० साली लाओशियनांची संख्या सु. १ लक्ष ९८ हजार व ह्मोंगांची सु. १ लक्ष ८६ हजार होती. २०१० मध्ये हे आकडे अनुक्रमे सु. २ लक्ष ३२ हजार व २ लक्ष ६० हजार झाले. या नोंदीत दोन्ही गटांचा विचार केला आहे, कारण त्यांचे देशांतर एकाच घटनेतून उद्‌भवले.

‘आफ्रिकी स्थलांतरित’ हा शब्द याहूनही सैल आहे. गुलामगिरीच्या काळात सक्तीने आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज त्यात येत नाहीत. इजिप्त, मोरोक्को इ. उत्तरेकडील देशांतून आलेल्यांचा विचारही येथे केलेला नाही. तरीही नायजेरियाचा डॉक्टर, इथिओपियाचा टॅक्सीचालक, घानाची परिचारिका, सोमालियाचा निर्वासित पशुपालक व काँगोतील छावणीत वाढलेले मूल हे सर्व एकाच स्तंभात नोंदले जातात. सहाराच्या दक्षिणेकडील देशांत जन्मलेल्यांची अमेरिकेतील संख्या १९८० मध्ये सु. १ लक्ष ३० हजार होती. २०१९ पर्यंत ती वीस लक्षांच्या वर गेली. नायजेरिया, इथिओपिया, घाना, केन्या व सोमालिया या देशांचा त्यात मोठा वाटा आहे.

लाओसमधील निर्वासित : लाओशियनांचे स्थलांतर हा एका अघोषित युद्धाचा परिणाम होय. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर सु. ५ लक्ष ८० हजार विमानफेऱ्यांतून वीस लक्ष टनांहून अधिक बाँब टाकले. जमिनीवरील लढाईसाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती गुप्तहेर संघटनेने जनरल वांग पाओ यांच्या नेतृत्वाखाली ह्मोंगांची गुप्त सेना उभारली होती. १९७५ च्या मे महिन्यात वांग पाओ व त्यांचे निकटचे अधिकारी विमानाने देशाबाहेर गेले आणि त्याच वर्षी २ डिसेंबर रोजी पाथेट लाओ पक्षाने प्रजासत्ताकाची घोषणा केली. त्यानंतरच्या काही वर्षांत देशाच्या लोकसंख्येपैकी सु. एकदशांश लोक मेकाँग ओलांडून थायलंडमध्ये गेले. नाँग खाय, उबोन, बान विनाय येथील छावण्यांत त्यांपैकी अनेकांनी वर्षानुवर्षे काढली. १९७५ चा इंडोचायना निर्वासित साहाय्य कायदा व १९८० चा निर्वासित कायदा यांच्या आधारे अमेरिकेने सु. अडीच लक्ष लोकांना सामावून घेतले. १९८० या एकाच वर्षी लाओसचे पन्नास हजारांहून अधिक निर्वासित तेथे पोहोचले. शेवटचा मोठा गट २००४ पासून आला. तो थायलंडमधील वाट थाम क्राबोक या बौद्ध विहाराच्या परिसरात राहणाऱ्या सु. पंधरा हजार ह्मोंगांचा होता.

या लोकांची निवड कोणी त्यांचे शिक्षण किंवा कौशल्य पाहून केलेली नव्हती. राजेशाहीतील अधिकारी व काही व्यावसायिक त्यांत होते. पण त्या वर्गातील बरेच लोक फ्रान्सला गेले अथवा ‘समाना’ नावाच्या पुनर्शिक्षण छावण्यांत अडकले. उरलेल्यांत सैनिक, शेतकरी, विधवा व मुले यांचा भरणा होता. ह्मोंग भाषेला तर सर्वमान्य लिपीच नव्हती. रोमन अक्षरांवर आधारलेली लेखनपद्धती मिशनऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात तयार केली आणि पुष्कळ ह्मोंगांनी ती छावणीत किंवा अमेरिकेत आल्यावर शिकून घेतली. मातृभाषेत कधीही न वाचलेल्या प्रौढाला इंग्रजी लिहावयास शिकविणे हे शिक्षकांपुढील निराळेच काम होते. यासाठी तयार केलेली पाठ्यपुस्तके अन्य स्थलांतरितांच्या वर्गांत वापरल्या जाणाऱ्या पुस्तकांहून मुळापासून भिन्न असावी लागत.

आफ्रिकेतून आलेले : आफ्रिकेतून येण्याच्या वाटा अनेक होत्या. राष्ट्रवार कोट्याची १९२४ पासूनची पद्धत १९६५ च्या कायद्याने रद्द झाली. स्वातंत्र्योत्तर काळात नायजेरिया, घाना, केन्या येथील तरुण उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत येऊ लागले. प्रारंभी त्यांचा परत जाण्याचा विचार असे. परंतु १९८० नंतर तेलाच्या किंमती कोसळल्या, चलनांचे अवमूल्यन झाले, लष्करी राजवटी आल्या आणि विद्यापीठांची दुरवस्था झाली, त्यामुळे पुष्कळजण तेथेच राहिले. १९९० च्या स्थलांतर कायद्याने सोडतीने प्रवेशपत्र देण्याची योजना आणली. तीनुसार १९९५ पासून ज्या देशांतून पूर्वी थोडे लोक आले, अशा देशांना दरवर्षी ५५ हजारांपर्यंत प्रवेशपत्रे मिळू लागली व त्यांतील मोठा वाटा आफ्रिकेकडे गेला. ही सोडत असली, तरी तीत भाग घेण्यास माध्यमिक शिक्षण पूर्ण झालेले असावे किंवा दोन वर्षांचा कुशल कामाचा अनुभव असावा अशी अट आहे. विमानभाडे व शुल्क यांचाही खर्च असतोच. म्हणजे लाओसच्या खेड्यातून पळून आलेला माणूस या दारातून आत येऊ शकला नसता.

तिसरी वाट निर्वासितांची. १९७४ च्या क्रांतीनंतर इथिओपियातून, १९८९ पासूनच्या यादवीनंतर लायबीरियातून, १९९१ मध्ये शासन कोसळल्यावर सोमालियातून व पुढे सूदान आणि काँगो येथून लोक आले. केन्यातील काकुमा छावणीतून २०००-०१ मध्ये आणलेल्या सु. ३,८०० सूदानी तरुणांची कथा वृत्तपत्रांतून फार गाजली; आईवडिलांविना शेकडो मैल चाललेली ही मुले होती. या तिसऱ्या वाटेने आलेले आफ्रिकी लोक नायजेरियन डॉक्टरांपेक्षा लाओशियनांशीच अधिक मिळतेजुळते आहेत. तुलनेची खरी विभागणी खंडाच्या सीमेवर होत नसून प्रवेशाच्या दारावर होते, असे म्हणता येईल.

शिक्षण व उत्पन्न : २००० च्या जनगणनेनुसार पंचवीस वर्षांवरील लाओशियनांपैकी सु. निम्म्यांनी माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेले नव्हते व पदवीधर जेमतेम ८% होते. ह्मोंगांत माध्यमिक शिक्षण अपुरे असलेल्यांचे प्रमाण सु. ६०% होते. याच काळात आफ्रिकेत जन्मलेल्या प्रौढांत पदवीधरांचे प्रमाण ४०% च्या आसपास होते. हे प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्या सर्वसाधारण प्रौढांहून स्पष्टपणे अधिक आहे. नायजेरियनांपुरते पाहिल्यास २०१९ मध्ये ते ६०% च्या वर गेले होते. सोमालींत मात्र ते फार कमी आहे.

उत्पन्नाकडे वळल्यास चित्र पालटते. १९९९ या वर्षी लाओशियन कुटुंबांचे मध्यक उत्पन्न (उत्पन्नाच्या क्रमाने लावलेल्या कुटुंबांपैकी मधोमध येणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न) ४३ हजार डॉलरांच्या घरात होते. सर्व अमेरिकन कुटुंबांसाठी हा आकडा सु. ५० हजार होता. ज्या समाजात निम्म्या प्रौढांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नाही, त्याने पंचवीस वर्षांच्या आत राष्ट्रीय पातळीच्या एवढे जवळ यावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. पुढील दोन दशकांत हे अंतर आणखी कमी झाले. उलटपक्षी आफ्रिकी स्थलांतरितांच्या कुटुंबांचे मध्यक उत्पन्न त्यांच्या पदव्यांच्या मानाने कमीच राहिले. २०१० नंतरच्या दशकातही ते मूळ रहिवाशांच्या कुटुंबांपेक्षा काहीसे खाली होते व दारिद्र्याचे प्रमाण काहीसे वर होते.

लाओशियनांच्या या यशाचे रहस्य बव्हंशी कुटुंबाच्या रचनेत आहे. २००० मध्ये लाओशियन कुटुंबात सरासरी चारांहून अधिक व ह्मोंग कुटुंबात सहांहून अधिक माणसे होती. राष्ट्रीय सरासरी २·६ होती. एका छपराखाली आई, वडील, मिळवता मुलगा व आत्या असे तिघे-चौघे कमावणारे असल्यास प्रत्येकाचे वेतन थोडे असूनही घराचे उत्पन्न फुगते. दरडोई उत्पन्न पाहिले की हा फुगवटा ओसरतो. त्या वर्षी लाओशियनांचे दरडोई उत्पन्न सु. ११,८०० डॉलर, ह्मोंगांचे सु. ६,६०० व राष्ट्रीय दरडोई उत्पन्न सु. २१,६०० डॉलर होते. कोणता समाज पुढे, याचे उत्तर कोणत्या मापाने मोजले यावर किती अवलंबून असते, हे येथे दिसते. शासकीय अहवालांत सहसा कौटुंबिक उत्पन्नाचाच आकडा पुढे केला जातो, हे लक्षात ठेवणे बरे.

दुसरे कारण व्यवसायाचे. लाओशियन व ह्मोंग कामकऱ्यांपैकी सु. ४०% लोक २००० च्या सुमारास उत्पादन व मालवाहतूक यांत गुंतलेले होते. इलेक्ट्रॉनिक भागांची जुळणी, शिवणकाम, मांस व कोंबड्या यांवरील प्रक्रिया, धातूचे जोडकाम ही कामे इंग्रजी फारसे न येताही करता येतात. जादा तास मिळतात आणि एकाने जागा मिळविली, की नातलगांना तेथे आणता येते. लुइझियाना राज्यातील न्यू आयबीरियाजवळ तेलउद्योगासाठी जोडकाम शिकलेल्या लाओ कुटुंबांनी लानेक्सांग नावाची वसाहत वसवून मध्यभागी बौद्ध विहार बांधला. आयोवा राज्यात राज्यपाल रॉबर्ट रे यांनी १९७५ मध्ये ताई दाम लोकांना सामूहिक रीत्या आश्रय दिला. लहान गावांत घरे स्वस्त असल्याने दोन-तीन वेतनांच्या बळावर घर विकत घेणे शक्य होते. २००० मध्ये निम्म्याहून थोड्या अधिक लाओशियन कुटुंबांकडे स्वतःचे घर होते. आफ्रिकी स्थलांतरितांत हे प्रमाण कमी आढळते, कारण ते वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, अटलांटा, ह्यूस्टन अशा मोठ्या शहरांत आणि त्यांच्या उपनगरांत एकवटले आहेत व त्यांचे आगमनही अलीकडचे आहे.

दारिद्र्याचे आकडे याच दिशेचे आहेत. १९९० मध्ये लाओशियनांपैकी सु. ३५% व ह्मोंगांपैकी सु. ६४% लोक दारिद्र्यरेषेखाली होते. दहा वर्षांत ही प्रमाणे सु. १९% व ३८% इतकी खाली आली. राष्ट्रीय प्रमाण त्या वेळी १२% च्या वर होते. घट मोठी आहे. तथापि ‘आशियाई’ या एकाच शीर्षकाखाली भारतीय, चिनी, फिलिपिनो यांच्याबरोबर लाओशियनांचीही सरासरी काढली जाते, तेव्हा हे दारिद्र्य दिसेनासे होते. २०१९ मध्ये भारतीय वंशाच्या प्रौढांपैकी सु. ७५% पदवीधर होते, लाओशियनांपैकी सु. १८%. तांत्रिक पदवी व नोकरीचे पत्र हाती घेऊन गेलेल्या भारतीयाची गणना नाँग खायच्या छावणीतून आलेल्या शेतकऱ्यासोबत करून ‘आशियाई यशस्वी असतात’ असा निष्कर्ष काढणे शास्त्रशुद्ध नाही. या गैरसमजाची किंमत लाओशियनांना मोजावी लागली. शिष्यवृत्त्या व भाषासाहाय्य यांच्या योजना आखताना त्यांचा समाज अनेकदा गृहीतच धरला गेला नाही.

पदवी व काम यांतील दुरावा : आफ्रिकी स्थलांतरितांची अडचण नेमकी उलट आहे. शिक्षण आहे, पण त्याला बाजारात पूर्ण किंमत मिळत नाही. परदेशी वैद्यकीय पदवीधराला अमेरिकेत पुन्हा परवाना परीक्षा देऊन निवासी वैद्य म्हणून काही वर्षे काम करावे लागते. अभियंते, वकील व शिक्षक यांनाही राज्याराज्यांचे निराळे नियम आड येतात. कुटुंब पोसण्याची घाई असल्यामुळे पुष्कळजण टॅक्सी चालविणे, वाहनतळ सांभाळणे, वृद्धाश्रमात शुश्रूषा करणे अशा कामांत शिरतात व तेथेच अडकतात. परिचारिकेचा अभ्यासक्रम हा त्यांतून बाहेर पडण्याचा रूढ मार्ग ठरला आहे. आफ्रिकी स्थलांतरितांचे, स्त्रियांबरोबर पुरुषांचेही, आरोग्यसेवेतील प्रमाण लक्षणीय आहे.

या दुराव्याचा सर्व भार परवान्यांवर टाकता येणार नाही. वर्णभेद हा त्यातील दुसरा घटक होय. आपण नायजेरियन किंवा गिनीचे आहोत, ही ओळख आफ्रिकी माणसाला महत्त्वाची वाटते. भाड्याने घर देणारा मालक, नोकरीचा अर्ज वाचणारा अधिकारी किंवा रात्रीच्या गस्तीवरील पोलीस त्याच्याकडे केवळ काळा माणूस म्हणून पाहतो. ४ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये आपल्या घराच्या दाराशी उभ्या असलेल्या अमादू दियालो या गिनीच्या निःशस्त्र तरुणावर चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. पुढील वर्षी न्यायालयाने चौघांनाही निर्दोष ठरविले. पदवी, कायदेशीर प्रवेश वा सभ्य राहणी यांनी या धोक्यापासून संरक्षण मिळत नाही, ही जाणीव त्या घटनेनंतर आफ्रिकी वस्त्यांत खोलवर रुजली. लाओशियनांनाही भेदभाव सोसावा लागला. पण त्याचे स्वरूप बहुधा उपेक्षेचे व अज्ञानाचे होते. पुष्कळ अमेरिकनांना लाओस हा देश नकाशावर दाखविता येत नसे, मग त्यावरील बाँबवर्षाव ठाऊक असणे दूरच.

साहाय्याचा कालावधी : दोन्ही समाजांतील निर्वासितांची तुलना करताना एक प्रशासकीय तपशील बहुधा नजरेआड होतो. १९८० च्या कायद्यान्वये निर्वासिताला रोख साहाय्य ३६ महिन्यांपर्यंत मिळू शके. १९८२ मध्ये ही मुदत १८ महिने झाली, नंतर १२ व १९९१ पासून ८ महिने. आठ महिन्यांचा हा नियम पुढे तीन दशकांहून अधिक काळ टिकला. म्हणजे १९८० साली आलेल्या लाओ कुटुंबाला भाषा शिकण्यास व काम शोधण्यास जो अवधी मिळाला, त्याचा चौथा हिस्साही १९९५ साली आलेल्या सोमाली कुटुंबाला मिळाला नाही. १९९६ च्या कल्याणसुधारणा कायद्याने नागरिक नसलेल्यांचे अनेक लाभ बंद वा मर्यादित केले आणि त्याचा घाव ह्मोंग वृद्धांवरही बसला. इंग्रजी परीक्षा उत्तीर्ण होऊन नागरिकत्व मिळविणे त्यांना अशक्यप्राय होते. ज्या माणसांनी अमेरिकेच्या वतीने युद्ध केले, त्यांच्या विधवांना भाषेच्या परीक्षेपायी अन्नसाहाय्य नाकारले जावे, हे विपरीत अमेरिकन संसदेलाही बोचले असावे. मे २००० मध्ये माजी गुप्त सैनिक व त्यांच्या पत्नी यांना इंग्रजीच्या अटीतून सूट देणारा कायदा संमत झाला.

मिनेसोटातील उदाहरण : या दोन समाजांची तुलना आकड्यांपेक्षा जमिनीवर पाहावयाची झाल्यास मिनेसोटा राज्यातील मिनीॲपोलिस व सेंट पॉल या जुळ्या शहरांकडे वळावे लागते. मिसिसिपी नदीच्या एका तीरावरील सेंट पॉल हे ह्मोंगांचे व दुसऱ्या तीरावरील मिनीॲपोलिस हे सोमालींचे अमेरिकेतील सर्वांत मोठे नागरी केंद्र आहे. ल्यूथरन व कॅथलिक संस्थांनी प्रथम काही कुटुंबांना आणले, मग नातलग अन्य राज्यांतून येत गेले. मिनीॲपोलिसमधील सीडर-रिव्हरसाइड भागातील उत्तुंग इमारती १९७३ मध्ये नव्या धर्तीची मिश्र नागरी वसाहत म्हणून बांधल्या गेल्या होत्या. १९९० नंतर त्या सोमाली जीवनाचे केंद्र बनल्या.

ह्मोंग समाज सु. अठरा कुळांत विभागलेला आहे व त्याच कुळात विवाह वर्ज्य मानला जातो, आपल्याकडील सगोत्र विवाहाच्या निषेधासारखाच. लग्न, अंत्यविधी, कर्ज, भांडण या सर्वांत कूळ मदतीला येते. सोमालींतही कुळे प्रबळ आहेत. परंतु यादवीतील वैराचा डाग त्यांना लागला असल्यामुळे परदेशात त्यांच्यावर उघड विसंबणे अनेकजण टाळतात. भांडवल उभे करण्यासाठी सोमाली स्त्रिया ‘अयूतो’, इथिओपियन ‘इकुब’ आणि पश्चिम आफ्रिकी ‘सुसू’ अथवा ‘एसुसू’ चालवितात. या सर्व महाराष्ट्रातील भिशीच्याच जातीच्या व्यवस्था होत. दरमहा ठराविक रक्कम जमवून ती पाळीपाळीने एकेकाला द्यावयाची, बँकेचा संबंध नाही. बँकेचा प्रश्न सोमालींना अन्य कारणानेही जाचतो. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध असल्याने अनेक कुटुंबे गृहकर्ज घेत नाहीत आणि त्यामुळे मिळकत असूनही ती भाडेकरूच राहतात. नफ्यावर आधारित बिनव्याजी खरेदीच्या काही योजना मिनेसोटात निघाल्या, पण त्यांची व्याप्ती मर्यादित राहिली. ह्मोंगांपुढे असा अडसर नव्हता. त्यांनी सेंट पॉलमध्ये घरे घेतली, शहराबाहेर भाड्याच्या शेतात भाजीपाला पिकवून तेथील शेतकरी बाजारावर छाप पाडली आणि २००४ मध्ये एका जुन्या लाकडाच्या वखारीच्या जागी स्वतःची मोठी बाजारपेठ उघडली.

राजकारणात मात्र सोमालींची गती अधिक जलद ठरली. सेंट पॉलच्या शाळा मंडळावर चोआ ली या ह्मोंग स्त्रीची निवड १९९१ मध्ये, म्हणजे आगमनानंतर सु. पंधरा वर्षांनी झाली व २००२ मध्ये मी मुआ या राज्याच्या सीनेटवर निवडून आल्या. सोमाली निर्वासित इल्हान ओमर या २०१६ मध्ये राज्याच्या विधानसभेत व २०१८ मध्ये अमेरिकेच्या संसदेत पोहोचल्या. आर्थिक दृष्टीने पाहता याच सुमारास राज्यातील सोमालींपैकी निम्म्याच्या आसपास लोक दारिद्र्यरेषेखाली होते. ह्मोंगांची १९९० मधील स्थिती यापेक्षाही बिकट होती, हे आठवल्यास या आकड्याचा अर्थ लावणे सोपे जाईल. एका समाजाचे तिसरे दशक व दुसऱ्याचे पाचवे दशक यांची एकाच वर्षी तुलना करणे, ही या विषयावरील लिखाणात वारंवार आढळणारी चूक आहे.

दोन्ही समाज ज्या एका ठिकाणी प्रत्यक्ष एकत्र येतात, ते म्हणजे कत्तलखाना. १९८० नंतरच्या दशकात मांसप्रक्रिया उद्योगाने मोठ्या शहरांतील संघटित कामगार सोडून मध्य-पश्चिमेकडील लहान गावांत कारखाने हलविले. वेतन घटले, कामाचा वेग वाढला. आयोवातील स्टॉर्म लेकसारख्या गावांत त्या वेळी लाओ व ताई दाम कामगार आले, त्यांच्यामागून मेक्सिकन आणि नंतर सूदानी व सोमाली. डिसेंबर २००६ मध्ये अनधिकृत कामगारांवर पडलेल्या धाडींनंतर रिकाम्या जागांवर कायदेशीर परवाना असलेल्या सोमाली निर्वासितांची भरती झाली. २००८ मध्ये नेब्रॅस्कातील ग्रँड आयलंड व कोलोरॅडोतील ग्रीली येथे रमझानच्या प्रार्थनेसाठी सुटी मिळण्यावरून तंटे उद्‌भवले. तीस वर्षांच्या या क्रमात कामाचे स्वरूप बदलले नाही, केवळ ते करणाऱ्यांची मातृभाषा बदलत गेली. लाओशियनांपैकी ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे या कामात काढली, त्यांचे घराचे कर्ज फिटले. मनगट व खांद्याची दुखणी मात्र कायमची जडली.

दुसरी पिढी : समाजशास्त्रज्ञ आलेहांद्रो पोर्तेस व मिन झोऊ यांनी १९९३ मध्ये मांडलेला खंडित सात्मीकरणाचा सिद्धांत या संदर्भात महत्त्वाचा आहे. सर्व स्थलांतरित कालांतराने एकाच मध्यमवर्गीय प्रवाहात मिसळतात, ही जुनी समजूत त्यांनी अमान्य केली. पालकांचे भांडवल, समाजाची एकजूट व यजमान देशाने केलेले स्वागत यांनुसार मुले वर चढतात, जागीच राहतात किंवा खाली घसरतात, असे त्यांचे म्हणणे आहे. पोर्तेस व रूबेन रूंबाउट यांनी १९९२ पासून मायामी व सॅन डिएगो येथील पाच हजारांहून अधिक मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यात लाओ व ह्मोंग मुलेही होती. पालक निरक्षर असूनही ह्मोंग मुलांचे शालेय गुण अपेक्षेहून बरे असल्याचे त्यातून दिसले. ह्मोंगांतील पदवीधरांचे प्रमाण २००० मध्ये ८% च्या आत होते. २०१९ पर्यंत ते एकपंचमांशाच्या वर गेले. तुलनेने सखल प्रदेशातील लाओंची शैक्षणिक प्रगती मंद राहिली. कारखान्यातील बऱ्या वेतनामुळे मुलांनाही लवकर कामाला लावण्याची प्रवृत्ती व ह्मोंगांसारख्या घट्ट कुलसंघटनेचा अभाव ही त्याची कारणे संभवतात.

आफ्रिकी पालकांच्या मुलांनी शिक्षणात मोठी मजल मारली आहे. अमेरिकेतील निवडक विद्यापीठांत १९९९ मध्ये प्रवेश घेतलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी २७% विद्यार्थी स्थलांतरित कुटुंबांतील होते, असे डग्लस मॅसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले. त्या वयाच्या एकूण कृष्णवर्णीय लोकसंख्येत अशा मुलांचे प्रमाण १३% होते (यांत कॅरिबियन बेटांवरून आलेल्यांची मुलेही समाविष्ट आहेत). मूळ देशाच्या सरासरीहून कितीतरी अधिक शिकलेले लोकच देशांतर करतात, तेव्हा त्यांच्या मुलांचे यश हे त्या राष्ट्राच्या संस्कृतीचे फळ मानणे फसवे ठरते. जेनिफर ली व मिन झोऊ यांनी २०१५ मध्ये याला अतिनिवड असे नाव दिले. सोमाली व काँगोली मुलांना ही निवड लाभलेली नाही; त्यांची वाटचाल ह्मोंगांच्या वाटचालीशी ताडून पाहणे अधिक सयुक्तिक होय.

मायदेशाशी संबंध : आफ्रिकी स्थलांतरित मायदेशी मोठ्या रकमा पाठवितात. जगभरातील नायजेरियनांकडून त्या देशास वर्षाला सु. वीस अब्ज डॉलर पोहोचत आले आहेत. पदवीधराचा पगार पुरेसा का भासत नाही, याचे एक उत्तर येथे मिळते, कारण त्यावर दोन खंडांतील संसार चालतात. ७ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेने अल्-बरकत या सोमाली पैसे पाठविणाऱ्या संस्थेची कार्यालये बंद केली, तेव्हा सोमालियातील असंख्य कुटुंबांची चूल तिच्यावर अवलंबून असल्याचे बाहेरच्या जगाला प्रथमच कळले. लाओशियनांनीही नातलगांना पैसे पाठविले. पण त्यांचे बहुतेक आप्त त्यांच्याबरोबरच देश सोडून आले होते आणि ह्मोंग सैनिकांना परत जाणे अनेक वर्षे शक्य नव्हते.

नागरिकत्व न मिळविलेल्या लाओशियनांपैकी तारुण्यात शिक्षा भोगलेले काहीजण हद्दपारीच्या छायेत राहिले. छावणीत जन्मल्यामुळे लाओस कधीही न पाहिलेली माणसेही त्यांत आहेत. जून २०२५ मधील अध्यक्षीय घोषणेने सोमालिया, सूदान, एरिट्रिया, चॅड, काँगोचे प्रजासत्ताक इ. देशांच्या नागरिकांचा प्रवेश पूर्णतः व लाओस, टोगो, बुरुंडी, सिएरा लिओन इत्यादींच्या नागरिकांचा अंशतः रोखला. १९८० या वर्षात अमेरिकेने दोन लक्षांहून अधिक निर्वासितांना प्रवेश दिला होता. २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी ही मर्यादा ७,५०० ठरविण्यात आली.